मेंढरं बिचकू नयेत म्हणून

शकीला कलाईगर भित्री होती, आणि ही गोष्ट तिच्या घरात कुणी झाकून ठेवलेली नव्हती. स्टोव्ह विझलाय ना, कडी लागलीय ना, अब्बा अजून का आले नाहीत, हे तिनं विचारायचं आणि बाकीच्यांनी हसायचं, असा कसबा पेठेतल्या त्या घराचा शिरस्ताच पडून गेला होता. आई नसीमबानू म्हणायची, ही पोर जन्मली तीच दचकत. पाळण्यात होती तेव्हा कुठं भांडं पडलं तरी हातपाय ताठ करायची. आणि त्या घरात भांडी तर दिवसभर पडत, कारण वडील चांदभाई कल्हई लावायचे.

गल्लीच्या तोंडाशी त्यांचा भाता होता. आसपासच्या पेठांतल्या बायका तांब्यापितळेची पातेली घेऊन यायच्या. चांदभाई निखाऱ्यावर भांडं तापवायचे, नवसागराची चिमूट टाकायचे आणि कथलाचा हात असा फिरवायचे की भांडं आतून चांदीसारखं उजळून निघायचं. परत देताना प्रत्येकीला एकच ताकीद असायची : कल्हई उडाली की यात ताक, आमटी काही ठेवू नका, कळकेल. शकीला शेजारी बसून ऐकायची. बाहेरून घासूनपुसून लख्ख दिसणारं भांडं आतल्या आत विष सोडू शकतं आणि बघणाऱ्याला पत्ता लागत नाही, ही गोष्ट तिच्या मनात तेव्हापासून घर करून बसली. कुणाकडं पाणी प्यायची वेळ आली तर ती आधी तांब्यात डोकावून बघायची. लोकांना वाटायचं, पोरगी नखरेल आहे.

पुढं घरोघरी स्टील आलं आणि भात्याची आच मंदावली. चांदभाई लग्नाकार्यांच्या मोठ्या भांड्यांवर भागवू लागले. शकीला मात्र शिकत गेली. गणित तिला आवडलं तेही एका परीनं भीतीपोटीच. गणितात कुणी पाठीमागून येऊन भिववत नाही, जे यायचं ते पायरीपायरीनं, सांगून येतं, असं तिला वाटायचं. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाली, आणि नोकरी लागली ती सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या अलीकडे, एका खासगी पशुपोषण केंद्रात. नसीमबानूनं कपाळाला हात लावला. कुत्रं दिसलं तर गल्ली बदलणारी ही मुलगी जनावरांत जाऊन काय करणार? शकीलानं आईची समजूत घातली की आपली जनावरं कागदावरची असतात.

ते खरंच होतं. केंद्राचे प्रमुख डॉ. यज्ञेश्वर मेहेंदळे हे शनिवार पेठेतले गृहस्थ. बारीक अंगाचे, इस्त्रीच्या शर्टाला कधी सुरकुती न पडू देणारे, आणि कमी शब्दांत माणसाला गार करणारे. गायीम्हशी, शेळ्यामेंढ्या अशा रवंथ करणाऱ्या जनावरांच्या अंगात क्षार कसे फिरतात, चाऱ्यातून किती येतात, हाडात किती जातात, दुधातून आणि शेणातून किती बाहेर पडतात, हा त्यांचा अभ्यास. दर प्रयोगाला जनावर कापून यकृत बघता येत नाही, म्हणून त्यांना गणिती मॉडेल हवं होतं. म्हणजे कागदावरची मेंढी करायची, तिला कागदावरच चारा घालायचा आणि सहा महिन्यांनी तिच्या पोटात काय होईल ते आजच बघायचं.

शकीलाच्या कागदी मेंढीत हौद होते. एक पोटाचा, एक रक्ताचा, एक यकृताचा, आणि एकातून दुसऱ्यात जाणारे नळ. कुठल्या नळातून किती वाहतं हे समीकरणांनी ठरायचं, आणि समीकरणांत घालायचे आकडे केंद्राच्या आवारातल्या लाकडी पिंजऱ्यांतून यायचे. तिथं मेंढ्या उभ्या असत. त्यांनी खाल्लेलं मोजायचं, खाली पडलेल्या लेंड्या आणि मूत्र वेगवेगळं गोळा करून तेही मोजायचं. आत गेलेल्यातून बाहेर आलेलं वजा केलं की उरलं ते अंगात राहिलं. एक्क्याण्णव सालच्या पावसाळ्यात हे काम तांब्यावर चाललं होतं. तांबं जनावराला हवंच, पण थेंबभर. जास्तीचं झालं तर गाय ते पित्तावाटे बरंचसं टाकून देते. मेंढीला ते साधत नाही. तिच्या यकृताच्या हौदात येणारा नळ मोठा आणि जाणारा करंगळीएवढा.

केंद्रानं त्या उन्हाळ्यापासून एक नवा उपक्रम धरला होता. आसपासची चराऊ रानं प्लॉट पडून संपत चालली होती, म्हणून मेंढ्या चारायला न नेता गोठ्यातच खुराक घालून वाढवायच्या. कालव्याकडेला राहणाऱ्या भैरू नावाच्या धनगरानं त्याला होकार दिला. त्याची बायको सोजरबाई आधी तयार नव्हती. मेंढरू म्हणजे पायावर जगणारं जनावर, ते कोंडून घालायचं नसतं, असं तिचं म्हणणं. पण खुराक चालू झाला आणि काळी दख्खनी मेंढरं अशी अंगानं भरली की रस्त्यानं जाणारे थांबून बघू लागले. सोजरबाईनं बोलणं सोडून दिलं.

खुराक एका गिरणीतून बनून यायचा. त्यात घालायचं क्षारमिश्रण मेंढ्यांसाठी वेगळं बाजारात मिळत नव्हतं, म्हणून गायीचंच वापरलेलं. दोन्ही रवंथ करणारी जनावरं, यात काही वावगं आहे असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. खुराकाच्या तपासणीचे आकडे प्रयोगशाळेतून आले, आणि शकीलानं ते सहज, आपलं मॉडेल कसं चालतं ते बघावं म्हणून, त्यात घातले.

संगणकाच्या पडद्यावर दोन रेषा उमटल्या. रक्ताची रेषा आडवी, एखाद्या शहाण्या माणसासारखी सरळ चाललेली. यकृताची रेषा मात्र चढत होती. कुठं तरी ती सपाट होईल म्हणून शकीलानं दिवस वाढवले, आणखी वाढवले. ती चढतच राहिली. त्याचा अर्थ तिला पुस्तकांमुळे माहीत होता. मेंढी खातपीत राहते, अंगानं भरते, रक्त तपासलं तर निर्दोष. यकृत मात्र भरत राहतं. मग एखाद्या दिवशी जनावर दचकतं. कुत्रं मागं लागतं, ट्रकमध्ये चढवतात, कसला तरी मोठा आवाज होतो. तेवढ्या धक्क्यानं यकृत सगळं तांबं एकदम रक्तात सोडून देतं, रक्ताच्या पेशी फुटतात, डोळे पिवळे होतात, लघवी काळ्या चहासारखी होते, आणि एकदोन दिवसांत खेळ आटोपतो.

शकीला घाबरली. पण तिची पहिली भीती मेंढ्यांसाठी नव्हती, स्वतःसाठी होती. मागं एकदा तिच्याकडून दशांशचिन्ह सरकलं होतं, तेव्हा मेहेंदळे सर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "शकीलाबाई, तुमच्या हिशेबानं ही गाय रोज पर्वतीएवढा खडू खाते. तिला आपण नगरपालिकेत नोकरी देऊ." सगळे हसले होते. ते हसू तिच्या कानातून गेलं नव्हतं. तिनं समीकरणं पुन्हा तपासली, आकडे पुन्हा घातले, आणि तरी गप्प राहिली. धोक्याची पातळी हिवाळ्यात येणार असं रेषा सांगत होती. वेळ आहे, असं तिनं स्वतःला समजावलं. रोज बसमधून उतरताना ती ठरवायची की आज बोलू, आणि रोज संध्याकाळी न बोलताच परतायची.

शेवटी बोलली तेव्हा आवाज इतका बारीक निघाला की सरांनी दोनदा विचारलं, काय म्हणालात. त्यांनी आलेख बघितला, बराच वेळ बघितला. मग भैरूच्या काही मेंढ्यांचं रक्त मागवून तपासलं. तांबं ठीक होतं.

"सर, रक्तात दिसणारच नाही," ती म्हणाली. "यकृत भरून वाहीपर्यंत रक्त चांगलंच असतं."

"म्हणजे निरोगी दिसणं हाच आजाराचा पुरावा. मग तुम्ही आणि मीसुद्धा आजारीच म्हणायचो."

पण मेहेंदळे दुष्ट नव्हते, मूर्ख तर नव्हतेच. परदेशी मेंढ्यांचे आकडे आपल्या दख्खनी मेंढीला लागू पडतीलच असं नाही, ही त्यांची शंका रास्त होती, आणि तीच शंका शकीलालाही होती. त्यांनी गिरणीला पुढच्या खेपेपासून मिश्रण बदलायला कळवलं. आहे तो खुराक तेवढा संपू दे म्हणाले. शकीला मान हलवून बाहेर आली. आहे तो खुराकही आजच थांबवा, हे अजून एक वाक्य आपण बोलायला हवं होतं, हे तिला जिन्यातच कळलं, पण ती परत वर गेली नाही.

त्या आठवड्यात ती भैरूच्या गोठ्यावर गेली, आकडे घ्यायचं निमित्त काढून. मेंढरं रवंथ करत बसली होती. ऊन तिरपं आलं होतं, लोकरीला तकाकी होती, एक कोकरू आईच्या पोटाखाली ढुसण्या देत होतं. यापेक्षा सुखी दृश्य तिनं क्वचितच पाहिलं असेल, आणि तिला तिथं उभं राहवेना. प्रत्येक मेंढीच्या बरगडीखाली काय साठत चाललंय ते तिला दिसत असल्यासारखं झालं. सोजरबाईनं चहा आणून दिला. शकीलानं कप हातात घेतला आणि नकळत आत डोकावून बघितलं. तेवढ्यात बांधावरचं कुत्रं भुंकलं, मेंढरांनी एकदम माना वर केल्या, आणि शकीलाच्या हातातला चहा हिंदकळून साडीवर सांडला.

सोजरबाईनं कुत्र्याला हाकललं. ते चावत न्हाई, घाबरू नका म्हणाली. आपण कशाला घाबरलो हे शकीला तिला सांगू शकली नाही.

नवरात्रात भैरूनं लोकर कातरायला माणसं बोलावली. मेंढरू आडवं पाडायचं, पाय बांधायचे, कातर चालवायची. वर्षानुवर्षं चालत आलेलं काम, त्यात कुणाला काय वाटणार. दुसऱ्या दिवशी सकाळी कळपातली सर्वांत देखणी मेंढी कोपऱ्यात मान टाकून उभी राहिली. डोळ्यांत हळद उतरली होती. दुपारनंतर तिची लघवी काळी झाली. सोजरबाईनं तिच्यावरून मीठमिरच्या उतरवल्या. भैरू सायकल हाणत केंद्रावर आला तोवर मेंढी गेली होती.

मेहेंदळ्यांनी स्वतः हातमोजे चढवून ती उघडली. शकीला दारात उभी होती. तिनं त्याआधी कधी जनावर कापताना पाहिलं नव्हतं. यकृत केशरी, हाताला लागताच भुगा होईल असं. मूत्रपिंडं काळीनिळी, बंदुकीच्या नळीच्या रंगाची. सरांनी एकदा तिच्याकडे बघितलं. हात धुताना त्यांनी साबण दोन वेळा खाली पाडला, आणि ते बघून शकीलाची उरलीसुरली आशा संपली. इतके दिवस घाबरायचं काम तिच्या एकटीकडे होतं, सर घाबरत नाहीत म्हणजे काही नसेल असं ती स्वतःला सांगत आली होती. आता तो आधारही गेला.

आणि मॉडेलनं तर हिवाळा सांगितला होता. तिची रेषा बरोबर होती, पण मंद होती. दख्खनी मेंढीचा करंगळीएवढा नळ तिनं धरला होता त्याहूनही बारीक निघाला. गप्प बसून घालवलेले दिवस तिनं ज्या भरवशावर घालवले तो भरवसाच खोटा होता. हे सरांनी कधी बोलून दाखवलं नाही. तिनं मात्र ते पुढं कित्येक वर्षं रोज स्वतःला ऐकवलं.

खुराक त्याच दिवशी बंद झाला. उपाय होता, पण संथ. मॉलिब्डेनम नावाच्या धातूचा क्षार आणि सोबत गंधकाचा एक क्षार चाऱ्यातून रोज थोडा थोडा द्यायचा, म्हणजे तांबं बांधलं जाऊन हळूहळू बाहेर पडतं. जास्त दिला तर तोही अपाय करतो. मेहेंदळ्यांनी मात्रा काढली, शकीलानं ती सुधारलेल्या मॉडेलमध्ये घालून बघितली. यकृताची रेषा उतरू लागली, पण कशी, तर म्हातारं माणूस जिना उतरावं तशी. पार खाली यायला संक्रांत उजाडणार होती. तोपर्यंत कळपातल्या कुठल्याही मेंढीला मोठा धक्का बसून चालणार नव्हतं. कुत्री बांधायची, ट्रक नाही, कातरणी नाही, गोठ्याजवळ आरडाओरडा नाही. भैरूनं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "आन् दिवाळीचं काय?"

मेहेंदळ्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. दिवाळी तोंडावर आली होती. कालव्याच्या अलीकडची वस्ती, पलीकडचं गाव, रस्त्याकडेची दुकानं, सगळीकडे फटाके वाजणार होते.

त्या वर्षी मंदिर-मशिदीच्या वादानं हवा तापलेली होती. बसमध्ये दोन माणसं मोठ्यानं बोलू लागली तर शकीला खिडकीबाहेर बघू लागायची, आणि कुणी नाव विचारलं तर सांगण्याआधी विचारणाऱ्याचा चेहरा वाचायची. दिवाळीत फटाके वाजवू नका, असं शकीला कलाईगर नावाच्या बाईनं गावाला सांगायचं? ते कसं ऐकलं जाईल, कुणाच्या तोंडून कुठं जाईल, परत येताना त्याचं काय झालेलं असेल, हे तिला मेंढीच्या यकृतापेक्षाही स्पष्ट दिसत होतं. मेहेंदळे म्हणाले, मी सांगतो. भैरू म्हणाला, तुमच्या खुराकानंच मेंढरू मेलं म्हणून गाव आधीच तुमच्यावर खार खाऊन आहे.

प्रश्न सोजरबाईनं सोडवला. ती कुणाला न विचारता घरोघरी गेली. तिनं ना केंद्राचं नाव घेतलं ना कुणा बाईचं. मेंढरांच्या काळजात विष साठलंय, भ्याली की मरत्यात, पोरं कालव्याच्या पल्याड धाडा, एवढंच तिनं बायकांना सांगितलं. काहींनी हो म्हटलं, काहींनी नाक मुरडलं, एकीनं सांगितलं की तुमच्या मेंढरांसाठी आमची दिवाळी का बुडवायची. सोजरबाई तिच्याकडे दुसऱ्यांदा गेली.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी शकीलानं घरी सांगितलं की आपल्याला लोणीला जायचंय. नसीमबानूनं साफ नकार दिला. असल्या दिवसांत, सणाच्या संध्याकाळी, परक्या गावात, एकट्या बाईनं? आईची प्रत्येक भीती शकीलालाही वाटत होती. चांदभाई तोवर टोपी घालून उभे राहिले होते. मी बरोबर जातो म्हणाले, आणि विषय संपला.

गोठ्याच्या खिडक्यांना भैरूनं ओली पोती टांगली होती. बाहेर बाजेवर चांदभाई आणि भैरू बसले, थोड्या वेळानं मेहेंदळेही केंद्राच्या जीपनं आले. घरची पूजा मुलावर सोपवून आले होते. आत मेंढरांमध्ये सोजरबाई आणि शकीला. एरवी मेंढीला बोटही न लावलेली शकीला दोन उबदार पाठींच्या मध्ये उकिडवी बसली होती. एक कंदील, भुशाचा आणि लोकरीचा वास, आणि रवंथ करण्याचा तो एकसारखा आवाज.

अंधार पडला तसे दुरून फटाके ऐकू येऊ लागले. कालव्यापलीकडचे, पोत्यांतून गाळून आलेले. कान हलायचे, पुन्हा स्थिर व्हायचे. वस्तीतल्या बायकांनी शब्द पाळला होता. तेवढ्यात रस्त्यावरच्या एका गोदामासमोर कुणी तरी लांबलचक माळ लावली. त्या गोदामवाल्याकडे सोजरबाई गेली नव्हती; तो इथला नव्हताच. आवाज भिंतीवर आपटत आत आला. सगळा कळप एकदम उभा राहिला. एक मेंढी दुसरीच्या अंगावर चढली, कोकरं ओरडू लागली, आणि शकीलाचं स्वतःचं अंग उठून पळायला निघालं.

"ताई, दचकू नका," सोजरबाई हळूच म्हणाली. "तुमचा हात त्येंच्या पाठीवर हाय. तुमी भ्याला तर त्येंनाबी कळतं."

शकीलाच्या हाताखालची मेंढी थरथरत होती. आपण या क्षणी घाबरायचं नाही, ही आयुष्यात तिला कुणी सांगितलेली सर्वांत अवघड गोष्ट होती. सोजरबाई ओठ मिटून काही तरी गुणगुणत होती, दूध काढताना काढतात तसला आवाज. शकीलाला गाणं येत नव्हतं. तिनं हलक्या आवाजात पाढे म्हणायला घेतले. सतराचा, अठराचा, एकोणिसाचा. शाळेत म्हणायचे त्याच चालीवर, एकसारखे, न थांबता. बाहेर माळ तडतडत राहिली, मधेच सुतळी बॉम्ब फुटला, तिचा आवाज चिरकला आणि ती पाढा चुकली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. हात तिनं उचलला नाही. कधी तरी माळ संपली. मेंढरं बराच वेळ उभीच होती. मग एक म्हातारी मेंढी गुडघे मोडून बसली, आणि तिच्यामागोमाग एकेक करत बाकीची.

परतताना शकीला आणि चांदभाई मेहेंदळ्यांच्या जीपमध्ये बसले. खरी भीती पुढच्या दोन दिवसांची होती, हे तिघांनाही माहीत होतं.

पाडव्याच्या सकाळी शकीला बसनं पुन्हा गेली. फाट्यापासून गोठ्यापर्यंतचा रस्ता तिला इतका लांब कधीच वाटला नव्हता. भैरू दारातच होता. त्यानं प्रत्येक मेंढीची खालची पापणी उलटून बघितली होती. दोघींचे डोळे पिवळे झाले होते. त्या दोन्ही भाऊबीजेपर्यंत गेल्या. पुढं आठवडाभरात आणखी एक गेली. भैरूनं आणि मेहेंदळ्यांनी त्या खोल खड्ड्यात पुरल्या, कुत्र्यांनीसुद्धा उकरू नयेत म्हणून वर दगड रचले. सोजरबाई रडली नाही. गोठ्यात गेली आणि उरलेल्यांना चारा टाकला. उरलेला कळप जगला.

त्या मेंढ्या माळेच्या आवाजानं गेल्या, की त्यांचा भरणा आधीच काठोकाठ झाला होता आणि त्या एरवीही गेल्याच असत्या? शकीलानं मॉडेलला हे अनेक परींनी विचारलं. मॉडेलला त्याचं उत्तर देता येत नव्हतं. कळपाचं काय होईल ते थोडंफार सांगता यायचं. कोणती मेंढी, कोणत्या संध्याकाळी, हे नाही. गणितात जे यायचं ते सांगून येतं, हा तिचा लहानपणापासूनचा समज तिथं मोडला.

हिवाळाभर ती धास्तावलेलीच राहिली. त्या सबंध हंगामात तिनं घरात कलेजी येऊ दिली नाही. गिरणीचा तो खुराक आणखी कुणाकुणाच्या मेंढ्यांनी खाल्ला असेल आणि त्या कुठल्या दुकानात टांगल्या गेल्या असतील, याचा तिला काही अंदाज नव्हता. चांदभाईंना कलेजी प्राणाहून प्रिय. त्यांनी एकदा विचारलं, हे किती दिवस चालायचं. तिनं कारण सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा विचारलं नाही. तांब्याची भीती त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

संक्रांतीनंतर भैरूनं एक लंगडी झालेली मेंढी कापायला दिली, आणि तिच्या यकृतातलं तांबं मोजलं गेलं. आकडा उतरलेला होता, रेषेच्या जवळपास. मेहेंदळ्यांनी तो कागद तिच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "शकीलाबाई, तुमची कागदी मेंढी बरी आहे म्हणायची." त्यांच्याकडून यापलीकडं कुणाला काही मिळत नसे. केंद्रानं मेलेल्या मेंढ्यांच्या बदल्यात भैरूला आपल्या कळपातल्या मेंढ्या दिल्या. मेंढ्यांसाठी तांबं न घातलेलं वेगळं मिश्रण पुढच्या वर्षी तयार झालं, आणि त्याच्या प्रत्येक खेपेचे आकडे शकीला स्वतः तपासू लागली.

ती निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिली. लग्न उशिरा झालं. नवराही तिच्याच स्वभावाचा निघाला, त्यामुळे कडी दोनदा तपासली जायची. धीट ती कधीच झाली नाही. सहीसाठी कागद समोर आला की हात गार पडायचे, कुठल्याशा गिरणीचा फोन आला की छातीत धस्स व्हायचं. फरक इतकाच पडला की घाबरली की ती त्याच दिवशी बोलून मोकळी व्हायची. सर हसले तरी, चूक निघाली तरी. कित्येकदा चूक निघालीही.

भैरूनं गोठ्यात कोंडून मेंढरं पाळायचं त्याच सालात सोडून दिलं. पुढच्या पावसाळ्यात एकदा शकीलाची बस लोणीच्या अलीकडे थांबली. समोरून कळप रस्ता ओलांडत होता. पुढं भैरू, मागं डोक्यावर घोंगडं घेतलेली सोजरबाई. बसच्या मागच्या ट्रकनं कर्कश हॉर्न दिला. मेंढरं बिचकली, एकमेकांवर रेलली, कडेच्या चिखलात घसरली, पुन्हा सावरून चालू लागली. शकीलानं समोरच्या सीटची दांडी घट्ट धरली होती. शेवटचं मेंढरू पलीकडे जाईपर्यंत ती सोडली नाही. मग शेजारच्या बाईनं विचारलं, काय हो, बरं वाटत नाही का. बरं आहे, असं शकीला म्हणाली, आणि बस सुरू झाली.